शंका येणं आणि शंका घेणं: देकार्तला नेमकं काय हवं होतं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही पुढचं समजेल. तुम्ही विचारलंय: फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त सांगतो की सगळ्यावर शंका घ्या. पण समोर चहाचा कप आहे, बोटांना चटका बसतोय, आणि हा कप नाहीच अशी शंका काही केल्या मनात येत नाही. मग ती शंका म्हणजे नाटकच झालं ना? दुसरं, एवढा खटाटोप करून हाती लागलं काय, तर 'मी आहे'. ते कोणाला ठाऊक नव्हतं? आणि तिसरं, आपल्याकडे गीतेत 'संशयात्मा विनश्यति' असं स्पष्ट सांगितलेलं असताना हा माणूस संशयालाच ज्ञानाची वाट कशी म्हणतो?

तिसऱ्याकडे शेवटी येते. पहिल्याचं उत्तर तुमच्याच शब्दांत आहे. तुम्ही एकदा 'शंका घ्या' म्हणालात आणि एकदा 'शंका येत नाही' म्हणालात. मराठीत ही दोन वेगळी क्रियापदं आहेत, आणि ती वेगळी आहेत हे आपलं भाग्य आहे. शंका येते ती आपल्याला न विचारता येते. स्टँडवर पोचल्यावर गॅस बंद केला की नाही अशी शंका येते, आणि मग दिवसभर छळते. शंका घेतो ती ठरवून, काही कामासाठी. ऑडिटर प्रत्येक व्हाउचरवर शंका घेतो, ती कॅशियर चोर आहे असं त्याला वाटतं म्हणून नव्हे. हिशेबावर सही करायची तर शेवटचं व्हाउचर तपासल्याशिवाय करता येत नाही, म्हणून. देकार्तची शंका ही घेतलेली शंका आहे. तीस वर्षं हा विषय शिकवताना मी पाहिलंय की एवढा एक फरक नीट बसला तर निम्मे गैरसमज गळून पडतात, आणि तो बसला नाही तर माणूस पुढची सगळी पानं चुकीच्या चष्म्यातून वाचतो.

त्याने स्वतः हे लपवलेलं नाही. 'मेडिटेशन्स' या त्याच्या ग्रंथाच्या सुरुवातीला जो सारांश जोडलाय त्यातच तो म्हणतो की जग खरोखर आहे, माणसांना शरीरं आहेत, यावर शहाण्या माणसाने कधी गंभीरपणे शंका घेतलेली नाही. आणि सहाव्या, म्हणजे शेवटच्या चिंतनाच्या अखेरीला या साऱ्या अतिरेकी शंका हसून सोडून द्याव्यात असं तोच सांगतो. मग घेतल्या कशाला?

त्यासाठी तो कोण होता आणि त्याला काय करायचं होतं ते पाहावं लागेल. रने देकार्त १५९६ साली फ्रान्समध्ये जन्मला, ला फ्लेशच्या जेझुइट शाळेत शिकला. युरोपातल्या उत्तम शाळांपैकी ती एक. तरी बाहेर पडताना त्याच्या मनात खंत होती. तत्त्वज्ञान शेकडो वर्षं उत्तमोत्तम माणसांनी केलं आणि तरी त्यात एकही गोष्ट अशी नाही की जिच्यावर वाद नाही. उलट गणितातल्या युक्तिवादांचा पक्केपणा त्याला भुरळ घालत होता, आणि एवढ्या भक्कम पायावर लोकांनी काहीच उंच कसं बांधलं नाही याचं त्याला आश्चर्य वाटत होतं. १६१८ मध्ये तो हॉलंडमध्ये ब्रेडा इथे सैन्यात असताना त्याला इझाक बेकमन हा डच अभ्यासक भेटला, आणि पदार्थविज्ञानाचे प्रश्न गणिताने सोडवायची गोडी लागली. पुढे १६२८च्या सुमाराला तो हॉलंडमध्ये राहायला गेला आणि निसर्गाबद्दलचा एक मोठा ग्रंथ लिहून जवळजवळ तयार केला. १६३३ साली रोममध्ये गॅलिलिओला शिक्षा झाल्याची बातमी आली. त्या ग्रंथात पृथ्वी फिरते असं मानलेलं होतं. देकार्तने तो छापलाच नाही.

हे सांगायचं कारण असं, की 'मेडिटेशन्स' १६४१ साली लॅटिनमध्ये आलं तेव्हा त्याच्या नावात देव आणि आत्मा होते, ते अर्पण केलं होतं पॅरिसच्या धर्मपंडितांना, पण त्याच वर्षीच्या जानेवारीत मेर्सेन या मित्राला लिहिलेल्या पत्रात देकार्त सांगतो की या सहा चिंतनांत माझ्या भौतिकशास्त्राचा सगळा पाया आहे. हे कृपा करून कोणाला सांगू नकोस, कारण ॲरिस्टॉटलच्या पक्षाच्या लोकांना मग ते मान्य करणं जड जाईल. आधी त्यांनी तत्त्वं पचवावीत, मग कळेल की ॲरिस्टॉटलची तत्त्वं मोडली. म्हणजे त्याची शंका रिकामटेकडी नव्हती. तिला काम दिलेलं होतं. जे बुद्धीत आहे ते आधी इंद्रियांतून आलेलं असतं, हे शाळेशाळेत शिकवलं जाणारं सूत्र होतं, आणि त्याच्या निसर्गविज्ञानाच्या आड तेच येत होतं. उष्णता, रंग, जडपणा हे जसं जाणवतं तसंच वस्तूत असतं, असं मानलं की गणिती भौतिकशास्त्राला जागाच उरत नाही. ती जागा मोकळी करायला त्याला शंका लागली.

इथे एक खुलासा करते, कारण आपल्याकडे हमखास घोटाळा होतो. महाराष्ट्रात 'बुद्धिवाद' म्हटलं की आगरकर आठवतात: रूढी आणि ग्रंथप्रामाण्य न मानता बुद्धीला पटेल तेच करणं. तो शब्द आणि ती परंपरा दोन्ही मला प्रिय आहेत. पण तत्त्वज्ञानाच्या इतिहासात देकार्त, स्पिनोझा, लाइबनिझ यांना ज्या अर्थाने बुद्धिवादी किंवा विवेकवादी म्हणतात तो अर्थ वेगळा आहे. जगाविषयीचं मूलभूत ज्ञान अनुभवावाचून, केवळ बुद्धीने मिळू शकतं असं ते मानतात, आणि त्यांच्या समोर उभे आहेत ते अनुभववादी, म्हणजे ज्ञान अनुभवातूनच येतं असं मानणारे. आगरकर ज्यांना वाचून घडले ते इंग्रज तत्त्वज्ञ मिल या दुसऱ्या बाजूचे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत हे दोन अर्थ एकमेकांत मिसळलेले मी शेकड्यांनी पाहिलेत.

आता शंकेच्या पायऱ्या. तो सगळी मतं एकेक करून तपासत नाही, तेवढा जन्म पुरणार नाही. ती ज्या खांबांवर उभी आहेत ते खांब हलवून पाहतो. पहिला खांब इंद्रियांचा. दूरचा चौकोनी बुरूज गोल दिसतो, म्हणजे इंद्रियं कधीकधी फसवतात. पण दूरचं सोडा, मी इथे शेकोटीपाशी अंगात घरचा झगा घालून बसलोय, हातात हा कागद आहे, हे कसं नाकारू? नाकारलं तर मी त्या वेड्यांतला ठरेन ज्यांना आपलं डोकं मडक्याचं आहे असं वाटतं, किंवा आपण भोपळा आहोत, काचेचे आहोत असं वाटतं. इथेच तो थबकतो आणि स्वप्न आठवतं: हाच झगा, हीच शेकोटी, आणि मी मात्र अंथरुणात कपडे उतरवून झोपलेलो. असं किती वेळा झालंय! जाग आणि स्वप्न वेगळं करून दाखवणारी पक्की खूण सापडत नाही. तुमचा चहाचा कप इथे गेला, चटक्यासकट गेला.

स्वप्न किती नेतं आणि काय ठेवतं, हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. स्वप्नातही दोन आणि तीन पाचच असतात, चौरसाला चारच बाजू असतात. म्हणून भौतिकशास्त्र, खगोलशास्त्र, वैद्यक संशयात जातात. अंकगणित आणि भूमिती उभी राहते. तीही हलवायला तो तिसरी पायरी चढतो: मला निर्माण करणारा सर्वशक्तिमान असेल, तर दोनात तीन मिळवताना दर वेळी माझी चूक व्हावी असंच त्याने मला घडवलं नसेल कशावरून? देव मानत नसाल तरी सुटका नाही, असंही तो बजावतो. कारण मग तुम्ही दैवाने, योगायोगाने किंवा कार्यकारणाच्या साखळीतून झालात. आणि तुमचा कर्ता जितका दुबळा, तितकी तुमची घडण सदोष असण्याची शक्यता जास्त. आजच्या वाचकाने या वाक्यापाशी थांबायला हवं. मेंदू जगण्यासाठी घडला, सत्य कळण्यासाठी नव्हे, ही आज ऐकू येणारी शंका याच जातीची आहे.

आणि तो कपटी राक्षस? तुम्हाला नाटक वाटलं ते बहुधा त्याच्यामुळे. पण नीट वाचलं तर तो युक्तिवाद नाही; युक्तिवाद आधीच संपलाय. देकार्त म्हणतो की कारणं पटली तरी जुनी मतं सवयीने परत येऊन बसतात, जणू त्यांचा माझ्यावर हक्कच आहे. म्हणून त्यांच्या विरुद्ध बाजूला वजन टाकायला मी मुद्दाम कल्पना करतो की एक अतिशय बलवान आणि धूर्त शक्ती मला फसवण्यात गुंतली आहे. आभाळ, हवा, रंग, आवाज, माझे हात, डोळे, सगळं तिने पसरलेलं जाळं. सवय ही किती चिवट गोष्ट आहे हे त्याला पुरतं ठाऊक होतं, त्याचा हा पुरावा. चिंतनाच्या शेवटी तो स्वतःला अशा कैद्याची उपमा देतो जो स्वप्नात मोकळा आहे, आपण झोपलोय अशी कुणकुण त्याला लागते, आणि तरी जागं व्हायची त्याला भीती वाटते.

आणखी दोन गोष्टींनी या शंकेला कुंपण घातलेलं आहे. एक, ती व्यवहारासाठी नाही. १६३७च्या 'डिस्कोर्स' या फ्रेंच पुस्तकात तो म्हणतो की घर पाडून नवं बांधायचं तर तोवर राहायला दुसरं घर लागतं. म्हणून तोवरच्या वागण्याचे तीन-चार नियम त्याने स्वतःपुरते ठरवून घेतले: देशाचे कायदे आणि रीत पाळायची, एकदा ठरवलं की डळमळायचं नाही, जगापेक्षा स्वतःला जिंकायचं. दुसरं, शंका म्हणजे फेकून देणं नव्हे. बूर्दँ नावाच्या जेझुइटाने त्याला छेडलं तेव्हा त्याने सफरचंदांच्या टोपलीचं उदाहरण दिलं. काही फळं सडली असतील आणि बाकीचीही नासतील अशी धास्ती असेल, तर माणूस काय करतो? सगळी टोपली रिकामी करतो, एकेक फळ हातात घेऊन बघतो, आणि चांगली पुन्हा आत ठेवतो. ज्याने कधी आंब्याची अढी लावलीय त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता दुसरा प्रश्न, हाती काय लागलं हा. त्यासाठी वर्गातली एक गोष्ट सांगते. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला मी दर वर्षी एक काम देते. कोरं पान घ्या, ज्यांची तुम्हाला पक्की खात्री आहे अशी दहा वाक्यं लिहा, मग देकार्तच्या पायऱ्यांनी एकेक खोडत जा. 'आई आत्ता घरी आहे' पहिल्या पाच मिनिटांत जातं. 'बाहेर पाऊस पडतोय' स्वप्नाबरोबर जातं. '२ + ३ = ५' खोडताना हात अडतो, कोणी खोडतच नाही, पण त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढतात. एका वर्षी एका मुलीचं सगळं पान खोडून झालं आणि तिने खाली नवी ओळ लिहिली: 'मी खोडते आहे.' मग ती खोडायला गेली आणि थांबली. म्हणाली, "मॅडम, ही खोडली की ही खरी होते."

वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "पण वही स्वप्नातली असेल, पेन स्वप्नातलं असेल, तर खोडणंही स्वप्नातलंच." मुलीने बराच वेळ विचार केला आणि ओळ बदलली: 'मी खोडते आहे असं मला वाटतंय.' त्यावर तो मुलगा काही बोलला नाही.

त्या दोघांनी न वाचता १६४१ सालचा एक वाद पुन्हा घातला होता. गासेंदी या समकालीन तत्त्वज्ञाने देकार्तवर हाच आक्षेप घेतला होता: विचारच कशाला, कोणत्याही कृतीवरून तू आहेस हे निघतं. देकार्तचं उत्तर असं: 'मी चालतो, म्हणून मी आहे' हे चालण्याविषयी खरं धरता येत नाही, कारण चालणं स्वप्नातलं असू शकतं, पण मी चालतोय असं मला भासतंय, त्या भासण्यावरून मी आहे हे मात्र पक्कं निघतं. त्याचा शोध आहे तो एवढाच. 'मी आहे' ही बातमी नवीन नव्हती. सगळं खोडण्याचं सामर्थ्य हातात असताना कोणती ओळ खोडता येत नाही, आणि का येत नाही, हे नवीन होतं. ती खोडता येत नाही, कारण खोडणं हीच तिची साक्ष. दुसऱ्या चिंतनातलं त्याचं वाक्यही तसंच आहे: 'मी आहे, मी अस्तित्वात आहे' हे मी जेव्हा जेव्हा उच्चारतो किंवा मनात आणतो, तेव्हा ते अपरिहार्यपणे खरं असतं. तेव्हा, आणि तेवढा वेळ.

बघा, इथे 'म्हणून' नाही. 'मी विचार करतो, म्हणून मी आहे' हे प्रसिद्ध झालेलं वाक्य १६३७च्या 'डिस्कोर्स'मध्ये आणि १६४४च्या लॅटिन 'प्रिन्सिपल्स'मध्ये आहे. खुद्द 'मेडिटेशन्स'मध्ये, जिथे ही खाण सगळ्यांत खोल खणलीय, तिथे ते या रूपात येत नाही. 'जे जे विचार करतं ते ते असतं. मी विचार करतो. म्हणून मी आहे' असं हे अनुमान नव्हे, मनाच्या एका दृष्टिक्षेपात दिसणारी ही गोष्ट आहे, हे तो आक्षेपांच्या उत्तरात सांगतोच. आणि मराठीतलं 'मी विचार करतो' तर आपल्याला आणखी भरकटवतं. आपण विचार करतो म्हणतो तेव्हा कपाळाला आठ्या पडलेल्या असतात; घर घ्यायचं की नाही याचा आपण विचार करतो. देकार्तच्या शब्दात शंका घेणं, समजणं, होकार देणं, नाकारणं, इच्छिणं, कल्पना करणं, आणि जाणवणंसुद्धा येतं. त्या मुलीचं 'मला वाटतंय' मूळच्या जास्त जवळ आहे. मी भाषांतर केलं तर 'मला भान आहे' असं काहीतरी करेन.

पण 'मला वाटतंय' म्हणताच एक नवी अडचण उघडी पडते. या वाक्यात 'मी' कर्ता म्हणून उभा नाही. वाटणं घडतंय आणि ते मला घडतंय. अठराव्या शतकातल्या लिख्टेनबर्ग या जर्मन लेखकाने यावरच बोट ठेवलं: 'मी विचार करतो' म्हणण्यापेक्षा, वीज चमकते म्हणतो तसं, 'विचार होतोय' एवढंच म्हणावं. माझं मत विचाराल तर या ठिकाणी देकार्त एक पाऊल जास्त टाकतो. भान आहे, आणि ते आहे तोवर 'मी आहे' खोडता येत नाही, इथपर्यंत मी त्याच्याबरोबर आहे. मात्र तिथून 'मी म्हणजे विचार करणारं एक द्रव्य, शरीरावाचूनही राहू शकणारं' इथवर जाणारी वाट त्या एका ओळीतून निघत नाही. १६४३ साली बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने हेगहून त्याला पत्रातून विचारलं की आत्म्याला लांबी-रुंदी नाही, स्पर्श नाही, तर तो शरीराला ढकलतो कसा. त्या प्रश्नाला त्याने बरीच पत्रं लिहिली. समाधान होईल असं उत्तर तिला मिळालं नाही, आणि तिने तसं कळवलंही.

पहिलं कोण म्हणालं, हा वादही तेव्हाच झाला. संत ऑगस्टीनने हजारावर वर्षांपूर्वी लिहिलं होतं की मी चुकत असेन तर मी आहेच. हे कोणीतरी लक्षात आणून दिल्यावर देकार्तने गावातल्या ग्रंथालयात जाऊन तो उतारा वाचला आणि कळवलं की ही गोष्ट इतकी साधी आहे की कोणाच्याही लेखणीतून उतरू शकते. मी तिचा उपयोग वेगळा करतोय. तुमच्या 'कोणाला ठाऊक नव्हतं?' ला त्याचं उत्तर हेच झालं असतं. आपल्याकडे शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात म्हटलंय की आत्म्याचं निराकरण करता येत नाही, कारण 'य एव हि निराकर्ता तदेव तस्य स्वरूपम्', जो नाकारतो आहे तेच त्याचं स्वरूप. वहीतली ओळ तिथेही आहे. पुढे मात्र वाटा फुटतात: शंकराचार्यांना त्या न खोडता येणाऱ्या गोष्टीपाशी पोचायचं आहे, देकार्तला तिथून निघायचं आहे. त्याला आर्किमिडीजसारखा एक अचल बिंदू हवा होता, म्हणजे तिथे तरफ टेकवून जग उचलता येईल.

उचलता आलं का? दुसऱ्या चिंतनातला मेणाचा गोळा तुम्ही वाचला असेल. पोळ्यातून नुकतंच काढलेलं मेण: मधाची चव अजून आहे, फुलांचा वास आहे, टिचकी मारली तर आवाज येतो, घट्ट आहे, थंड आहे. ते विस्तवाजवळ नेलं की चव गेली, वास गेला, रंग पालटला, आकार गेला, हात लावता येत नाही. इंद्रियांनी दिलेलं एकूण एक गेलं आणि तरी आपण म्हणतो मेण तेच. म्हणजे मेण काय ते डोळ्यांनी कळलेलं नव्हतं, बुद्धीने कळलेलं होतं. मी हे वर्गात मेणबत्तीवर करून दाखवते. पोळ्यातलं मेण मिळालं तर फारच उत्तम, कारण वास जाणं हा त्यातला खरा क्षण आहे. भौतिकशास्त्राला हवी असलेली जागा इथे हळूच तयार होते: रंग-वास बाजूला, विस्तार आणि आकार मध्ये.

यानंतरचा रस्ता कच्चा आहे, आणि ते मान्य करायला हवं. तो नियम करतो की जे मला स्पष्ट आणि विविक्त, म्हणजे बाकी सगळ्यापासून वेगळं, दिसतं ते खरं. त्या नियमाची हमी कोण देणार? फसवणार नाही असा देव. देव आहे कशावरून? स्पष्ट आणि विविक्त दिसणाऱ्या युक्तिवादांवरून. तिशीही न गाठलेल्या आर्नो या धर्मपंडिताने हे वर्तुळ तेव्हाच दाखवलं. देकार्तचं उत्तर असं, की गोष्ट डोळ्यांपुढे लख्ख असताना शंका घेताच येत नाही. देवाची हमी लागते ती नंतर, 'हे मला तेव्हा स्पष्ट दिसलं होतं' असं फक्त आठवत असताना. हे उत्तर मला वाटतं त्यापेक्षा चांगलं आहे असं अनेक अभ्यासक मानतात. माझी अडचण वेगळीच आहे. देवाच्या सिद्धतेत तो एक तत्त्व वापरतो: कार्यात जेवढं सत्त्व आहे निदान तेवढं कारणात असलंच पाहिजे, आणि हे कल्पनांनाही लागू आहे. 'बुद्धीच्या प्रकाशात उघड आहे' म्हणून तो ते स्वीकारतो. त्या वहीत ही ओळ लिहा आणि तिच्यावर तोच पेन चालवा. '२ + ३ = ५' पुढे प्रश्नचिन्ह लागतं, तर हिच्यापुढे का नाही?

पुढच्या बुद्धिवाद्यांनी म्हणूनच सुरुवात बदलली. स्पिनोझा शंकेतून निघतच नाही. तो व्याख्या आणि स्वयंसिद्धकं मांडून सरळ ईश्वरापासून, म्हणजेच निसर्गापासून, आरंभ करतो. लाइबनिझची तक्रार मला फार शहाणपणाची वाटते. तो म्हणतो, ज्यात किंचितही अनिश्चितता असेल त्यावर शंका घ्या असं सांगण्यापेक्षा, प्रत्येक गोष्ट किती संमतीला पात्र आहे ते तोला असं सांगायला हवं होतं. शिवाय 'मी विचार करतो' इतकंच मूलभूत आणखी एक सत्य आहे: 'माझ्याकडून नाना गोष्टींचा विचार होतो.' नुसता मी नव्हे, नानात्वही तितकंच पक्कं. एका ओळीऐवजी दोन ओळी उरल्या असत्या तर देकार्तला बाहेरच्या जगाकडे जायला कदाचित एवढी कसरत करावी लागली नसती.

राहिला गीतेचा प्रश्न. 'अज्ञश्चाश्रद्दधानश्च संशयात्मा विनश्यति' हे चौथ्या अध्यायात अर्जुनाला सांगितलेलं आहे, आणि त्यातला संशयात्मा म्हणजे ज्याला शंका आलेली आहे आणि जो तिच्यात बुडालाय तो. पुढच्याच दोन श्लोकांत संशय ज्ञानाने छेदून टाक आणि ऊठ असं सांगणं आहे. देकार्तचा त्याला विरोध नव्हता. ठरवलं की डळमळायचं नाही, हा त्याचाच नियम. रानात वाट चुकलेल्याने गोल फिरत बसू नये, एक दिशा धरून सरळ चालावं, असा दाखलाही त्याने दिलाय. आणि आपली परंपरा संशयाला नुसती घाबरलेली नाही. न्याय या आपल्या तर्कशास्त्राच्या दर्शनातल्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ, म्हणजे विषय, सांगितलेत; त्यांत प्रमाण, प्रमेय यांच्या लगोलग तिसरा मान संशयाचा आहे. संशय नाही तिथे न्यायाला कामच नाही.

खरा मतभेद आहे तो याच न्यायदर्शनातल्या उदयनाचार्यांशी. 'न्यायकुसुमांजली'त ते म्हणतात, 'व्याघातावधिराशङ्का': शंका चालते ती व्याघातापर्यंत, म्हणजे स्वतःशीच विसंगती येईपर्यंत. धूर आणि अग्नी यांच्या संबंधावर शंका घेणारा माणूस धुरासाठी विस्तवच पेटवतो, भुकेसाठी अन्नच खातो. त्याच्या कृतीने त्याची शंका खोटी ठरली, तिथे ती संपली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत चार्ल्स पर्स या तत्त्वज्ञाने देकार्तला जवळजवळ हेच सुनावलं: ज्यावर मनातून शंका नाही त्यावर तत्त्वज्ञानात शंका असल्याचं भासवू नका. तुमचा चहाच्या कपाचा आक्षेप या दोघांच्या रांगेतला आहे, त्याला कमी लेखू नका. कप उचलून तुम्ही प्यायलात, तिथे उदयनाचार्यांच्या दृष्टीने प्रकरण मिटलं. देकार्त मात्र कृती आणि ज्ञान अशी दोन खाती आधीच वेगळी करतो, म्हणून त्याला हा व्याघात लागत नाही. तशी फारकत करता येते का, हा प्रश्न मला आजही खुला वाटतो. वेदान्ती श्रीहर्षाने 'खंडनखंडखाद्या'त उदयनाचार्यांचाच श्लोक एक-दोन शब्द फिरवून त्यांच्यावर उलटवला आहे: व्याघात म्हणायचा तर त्याच्या पोटी शंका गृहीतच आहे, मग तो शंकेची सीमा कसा होईल? म्हणजे आपल्याकडेही हे एका वाक्यात मिटलेलं नाही.

शेवटी वाचायचं कसं, हेही तुम्ही विचारलं होतं. टीकाग्रंथ नंतर घ्या. पहिलं चिंतन आठ-दहा पानांचं आहे, अर्ध्या तासात होतं, आणि तीच अडचण आहे. देकार्तने आक्षेपांच्या उत्तरात लिहिलंय की वाचकांनी पुढे जाण्याआधी या एका चिंतनाला काही महिने, निदान काही आठवडे द्यावेत अशी माझी इच्छा आहे. तेवढे नसले तरी आठ दिवस द्या. सकाळी चहाच्या वेळी वही घेऊन बसा, दहा वाक्यं लिहा आणि खोडायला लागा. कुठे हात अडला आणि का अडला ते समासात तारीख घालून लिहून ठेवा. दुसरं चिंतन त्यानंतरच उघडा.